मंगळावरचा माणूस कांदा फोडतो

कोणी मला छातीठोकपणे सांगितलं, "मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय," की माझा प्रश्न ठरलेला असतो: पाहत होतात तेव्हा कानाशी कोण बोलत होतं? लोकांना तो उर्मट वाटतो. वाटो बापडा. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, थोडा उर्मटपणा अंगात मुरणारच. पण हा प्रश्न मी कुठल्या पुस्तकातून उचललेला नाही. तो मला कामरगावच्या बाजाराच्या मैदानात, टुरिंग टाकीजच्या तंबूत, बायकांच्या बाजूला अंथरलेल्या बारदान्यावर बसल्या बसल्या मिळाला.

सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. वाशिम जिल्हा तेव्हा वेगळा झालेला नव्हता. कचेरीचं काही काम निघालं की अकोल्याला पळायचं. आमचं घर धनजला. दीक्षा घेऊन आल्यावर वडिलांनी देव्हारा रिकामा केला आणि त्या कोनाड्यात आमची पाटी-पुस्तकं ठेवली. "आता हेच," म्हणाले. मोठ्या भावाचं मन काही त्या कोनाड्यात रमलं नाही. तो पहिलीतूनच उठला आणि ढोरं राखायला गेला. त्याच्या वाटणीची शाळा मी केली. मी मास्तरीण होऊन कामरगावच्या शाळेत लागले तेव्हा गल्लीभर गूळ मात्र त्यानंच वाटला.

भाऊ पुढे कारंज्याच्या एका जिनिंगमध्ये कामाला लागला. तिथल्या यंत्रानं त्याच्या डाव्या हाताची करंगळी मुळापासून नेली. पट्टी बांधून घरी आला, वहिनी रडायला लागली, तर म्हणतो कसा, "अवं, करंगळीनं कोनी भाकर खाते का?" असा माणूस. त्याच्या पुढच्याच साली तो मोठा दुष्काळ पडला. कापूसच नाही तर जिनिंग कशाचं चालतं! आमच्याच भागातला एक मुकादम गावोगाव फिरून माणसं गोळा करत होता. मानोऱ्याकडच्या तांड्यांवरूनही त्यानं बरीच नेली. गुजरातेत कापडाच्या गिरणीत काम आहे, सावलीतलं काम आहे, म्हणाला. भाऊ त्याच्याबरोबर गेला.

त्याला लिहिता येत नव्हतं. निरोप यायचा तो मुकादमाच्या तोंडून. पहिल्या साली निरोप आला, बरा आहे. दुसऱ्या साली मुकादम आमच्या ओट्यावर बसला, चहा प्याला, पान लावलं आणि मान हलवत म्हणाला, "काय सांगू आता. त्यानं तिकडं दुसरं घर केलं. तुमी त्याचा नाद सोडा." वहिनी चुलीपाशी होती. तिनं फुंकणी खाली ठेवली आणि म्हणाली, "खोटं."

ती एकटीच तसं म्हणाली. मी नाही. मला ते खरं वाटलं, आणि भावाचा असा संताप आला की समोर असता तर चप्पल काढली असती.

पुढच्या महिन्यात वहिनीचे वडील आले. माणूस सज्जन. आमच्यात बाईच्या दुसऱ्या लग्नाला आडकाठी नाही आणि ते बरंच आहे. त्यांनी एक स्थळ बघून ठेवलं होतं, शाळेत शिपाई होता, बायको वारलेली. "माही लेक किती वर्सं अशी बसून राहीन?" ते वडिलांना म्हणाले. "तुरी निघाल्या का मी तिले नेतो." वडील हो म्हणाले. काय म्हणणार? तुमचा पोरगा परत येईल, थांबा, असं कोणत्या तोंडानं सांगणार?

आम्हा नणंद-भावजयीचं फार गूळपीठ होतं असं कोणी समजू नये. ती वरणात मीठ जास्त टाकायची, मी बोलायची; मी घागर अर्धी आणायची, ती बोलायची. "मास्तरीन बाईचा हात दुखते घागर भराले," असं मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायची. पण संध्याकाळी पाटी घेऊन माझ्यापुढं बसायची. अक्षरं शिकायचा हट्ट तिचाच. त्या सुमाराला ती जोडाक्षरांपर्यंत आली नव्हती, काना-मात्रेत अडखळायची. वडिलांनी हो म्हटलं त्या संध्याकाळी मी तिला विचारलं, "वयनी, तुमाले काय वाटते?" ती पाटी पुसत म्हणाली, "थो मले सोडून जाईन बी, बाई. पन मह्या तोंडावर सांगून जाईन. मुकादमाच्या तोंडानं बोलनारा मानूस नाही थो." आणि रडली. मी तिला रडताना फार पाहिलेलं नव्हतं. मी तिला "की" गिरवायला दिली.

तुरी शेंगेवर आल्या होत्या तेव्हा कामरगावला टुरिंग टाकीज लागली. जीपवरचा भोंगा गावोगाव ओरडत फिरला: "मंगळ ग्रहावरचे जिवंत प्राणी! परदेशी कॅमेऱ्यानं टिपलेले! मेन पिक्चरच्या आधी, त्याच तिकिटात!" माझे विद्यार्थी वेडे झाले. मी वर्गात नाक मुरडलं, पण बघायला मीही गेले. वहिनीला ओढून नेलं. म्हटलं, चार दिवसांची पाहुणी आहे, तेवढीच करमणूक.

तंबूत अंधार झाला. पडद्यावर पांढरी जमीन दिसली. झाड नाही, गवत नाही, मागे धूर. धुरातून ते आले. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे, केस नाहीत, तोंड नाही, डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे, पाय हत्तीसारखे गोल. तंबूचा मालक स्वतः माइकवर बोलत होता, हिंदी-मराठीची खिचडी करून. "देखो, देखो! तोंडच नाही. बोलते कसे? मनातल्या मनात! पाय जड पडून राह्यले, काहून का मंगळावर वजन लय होते!" मी सातवीला शिकवत होते की मंगळावर वजन कमी भरतं. म्हणजे हे प्राणी उड्या मारत चालायला हवेत. मी मनात म्हटलं, अरे लेका, निदान पुस्तक तरी वाचून यायचं. पण मलाही अंगावर काटा आला, हे सांगितलं पाहिजे.

मग एक प्राणी कॅमेऱ्याजवळ येऊन बसला. त्यानं हात पुढे केला. "मोजा! मोजा बोटं!" मालक ओरडला. "चारच! देवानं त्याइले चारच देल्ली!" सगळा तंबू मोजायला लागला. प्राण्यानं कुठूनसं एक गोल काढलं, दगडावर ठेवलं आणि बुक्की मारली. "अंडं! मंगळावरच्या पाखराचं अंडं!" तंबूतून "आई वंऽऽ" असा आवाज उठला. शेवटी मागच्या भिंतीवर काळी वाकडी अक्षरं दिसली. ही म्हणे मंगळाची लिपी. भल्याभल्या विद्वानांना लागलेली नाही. लाइट लागले. लोक शिट्ट्या मारत होते.

वहिनीची बोटं माझ्या दंडात रुतली होती.

"बाई," ती म्हणाली, "थे अंडं नाही. कांदा हाय."

"काय?"

"कांदा फोडून राह्यला थो. टरफल काढलं, मंग बुडाचा तुकडा फेकला. आन थो तुमचा भाऊ हाय."

मला आधी वाटलं, हिचं डोकं फिरलं. मग मला कांदा दिसला. डोळे मिटले तरी दिसत होता. बुक्की, चुरगळलेलं टरफल, झटकलेला हात. त्या तंबूत बसलेल्या प्रत्येकानं त्याच दुपारी शेताच्या धुऱ्यावर तसाच कांदा फोडून भाकर खाल्ली होती. आणि एकालाही तो ओळखू आला नाही! का, तर माइकवरचा म्हणाला अंडं. मला स्वतःची इतकी चीड आली की मेन पिक्चर सुरू झाला तरी मला काही दिसेना. आम्ही दोघी उठून आलो.

वडिलांना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. दुसऱ्या संध्याकाळी स्वतः खेळ बघून आले. हातपाय धुतले, बसले, आणि वहिनीकडे न बघता मला म्हणाले, "बोट गेलं थे तेच, करंगळी. पन थो उजवा हात हाय. आपल्या पोराचं डाव्या हाताचं गेलं. आन कांदा डाव्या हातानं फोडते थो. आपला डावखुरा होता का?"

नव्हता.

"मानसाच्या मनात जे राह्यते थे त्याले दिसते, पोरी. तपासल्याबिगर मानू नये, हे म्याच तुले शिकवलं."

उजवा हात वहिनीनंही पाहिला होता. तिनं तो पाहिला होता आणि तरी ती म्हणत होती की तोच आहे. मला वडिलांचा राग आला, कारण ते बरोबर बोलत होते. मी म्हटलं, "मंग तपासते. पूर्ण तपासते. तुरी निघाच्या आधी."

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर विज्ञानाच्या पेटीतलं भिंग घेतलं, वहिनीला घेतलं आणि थेट तंबू गाठला. मालक बनियनवर खाटेवर लोळत होता. पोटावर ट्रान्झिस्टर. मी म्हटलं, तुमची ती मंगळाची फिल्म मला उजेडात पाहायची आहे.

"बाईसाब, फिल्म काय भाजी हाय, उलटून पालटून पाह्याले?"

"यात माझा भाऊ आहे."

तो उठून बसला आणि इतका हसला की ट्रान्झिस्टर खाली पडला. "भाऊ! मंगळावर! कोनत्या मोटारीनं गेला बाई?"

माझा राग नाकावरच असतो, तो आता हातापायांत उतरला. त्याच्या फिल्मची पत्र्याची पेटी समोर होती. मी तिच्यावर जाऊन बसले. म्हटलं, "ऐका. आज संध्याकाळी मी तिकीट काढून तुमच्या तंबूत बसते. आमच्या शाळेची सगळी पोरं घेऊन बसते. प्रत्येकाच्या खिशात एक कांदा. तुमचा प्राणी अंडं फोडायला लागला, की आम्ही सगळे उठून कांदे फोडू. मग पाहू तुमचा मंगळ कामरगावात किती दिवस चालते."

त्यानं वहिनीकडे बघितलं. तिच्या तोंडावर हसू नव्हतं. "कांदा," तो स्वतःशीच म्हणाला. "च्यामायले, कांदा!" त्याच्याही ध्यानात आलेलं नव्हतं! दोन महिने रोज तो माइकवर अंडं म्हणत होता आणि त्याला ते अंडंच दिसत होतं. "उठा बाई," तो म्हणाला. "काढतो. बोट लावू नका पन फिल्मले."

तंबूच्या ताणलेल्या दोरावर त्यानं ती पट्टी कपडे वाळत घालावे तशी टाकली आणि रीळ हातात धरून उभा राहिला. दोराच्या अलीकडे मी, पलीकडे वहिनी. वाऱ्यानं पट्टी उडू नये म्हणून तिनं कडेला चिमटीत धरलेली. मी भिंग लावलं आणि आभाळाच्या उजेडात एक एक चित्र बघत गेले.

माइक बंद असला की काय काय दिसतं! केस नव्हते, कारण डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला होता. तोंड नव्हतं, कारण त्याच दुपट्ट्याचा फेर नाकातोंडावरून घेतलेला होता. उन्हाळ्यात आमच्याकडं असाच घेतात. पायाला गोणपाटाचे तुकडे सुतळीनं बांधलेले. काळे डोळे म्हणजे नुसती कातडी: डोळ्यांत धूळ जाऊ नये म्हणून तेवढाच भाग ओल्या फडक्यानं पुसलेला. बाकी सगळं अंग कसल्यातरी पांढऱ्या भुकटीनं माखलेलं. आणि हात. मी फक्त हातच बघत गेले. टोपलं उचलणारा हात, फावडं धरलेला हात, कमरेवर ठेवलेला हात. सगळ्यांना पाच बोटं. चार बोटांचा एकच. म्हणजे चार बोटं ही मंगळाची नव्हेत, त्या एका माणसाची.

मालक आता वाकून बघत होता. "पाच हायत की," म्हणाला.

पण हात उजवाच होता. मी परत परत पाहिला. उजवाच. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, उजेडानं आणि वैतागानं. मी दोरावरून भिंग वहिनीच्या हातात दिलं. "घ्या, तुमीच पाहा. ह्या भिंतीवरचं काय लिव्हलं थे तरी दिसते का पाहा."

तिनं भिंग डोळ्याला लावलं. तिचे ओठ हलत होते, पाटीवर हलायचे तसे.

"च," ती म्हणाली. "चले ऊकार. चू. मंग न... नले काना. ना." तिनं भिंग खाली घेतलं. "बाई, चुना लिव्हलं हाय."

"वयनी, थे वाकडंतिकडं हाय, मले वाचता येत नाही, तुमाले कसं..."

"वाकडं कुठी हाय? सरळ तं हाय. पुढं भ हाय. खाली दुसरं काही हाय, थे मले नाही येत."

मी दोराखालून वाकून तिच्या बाजूला गेले. तिच्या हातातून भिंग जवळजवळ हिसकावलं. सरळ होतं. देवनागरी, हिंदी, जाड ब्रशानं लिहिलेलं: चूना भट्ठी. त्याखाली गावाचं नाव, त्याखाली रेल्वे स्टेशन. पट्टीच्या या बाजूनं पाहिलं की लिपी मंगळाची राहत नव्हती. मी तसंच भिंग पुढच्या चित्रांवर सरकवत नेलं. तो बसला. त्यानं हात पुढं केला. चार बोटं. डावा हात. आणि कांद्यावर बुक्की उजव्या हाताची.

मी मालकाकडे वळले. "उलटी चढवता तुम्ही फिल्म?"

त्यानं डोकं खाजवलं. दोन्ही कडांना भोकं असलेली मुकी पट्टी. मशीनला कोणत्याही अंगानं चढते. नागपूरच्या भंगारातून त्यानं ती घेतली होती, कोणीतरी कुठल्यातरी माहितीपटातून कापून टाकलेले तुकडे. "सीधी चढवली तं चुना भट्टी वाचते ना पब्लिक," तो म्हणाला. "चुना भट्टी पाह्याले तिकीट कोन काढन बाई?"

मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली आणि त्याच वेळी हसूही आलं. वहिनी मात्र खाली बसली होती, तंबूच्या खुंटीला धरून. "गुजरातेत नाही थो," ती हळू म्हणाली. "गिरनीत नाही. मुकादमानं जागा खोटी सांगतली. मंग दुसरं घर बी..." करंगळी गेल्याच्या पुढच्या साली भाऊ घर सोडून गेला. घरी असताना त्यानं चुन्याचं काम कधी केलं नाही. म्हणजे ही चित्रं तो गेल्यानंतरचीच. कुठं आहे ते आता आम्हाला मुकादमाच्या तोंडून ऐकायची गरज उरली नव्हती.

वडिलांना आम्ही तंबूत बोलावून आणलं आणि दोराच्या दोन्ही बाजूंनी पट्टी दाखवली. त्यांनी दोन्ही बाजूंनी पाहिली, आधी चष्मा लावून, मग काढून. मग म्हणाले, "मी बी येतो." वहिनीच्या वडिलांना निरोप धाडला, तुरी निघाल्या तरी थांबा. मुकादमाच्या कानावर काही जाऊ दिलं नाही. मी शाळेत रजा टाकली. हेडमास्तर म्हणाले, कारण? मी म्हटलं, घरगुती. मंगळ असं कसं लिहिणार!

बडनेऱ्याहून गाडी धरली, पुढे एकदा बदलली आणि मध्य प्रदेशातल्या त्या स्टेशनावर सकाळी उतरलो. गावाचं नाव लिहीत नाही. तिथं आजही लोक राहतात आणि त्यांचा त्यात काही दोष नव्हता. स्टेशनापासून पायी गेलो. आधी झाडं पांढरी दिसायला लागली, मग रस्ता, मग सगळंच. भट्ट्या रांगेनं धुमसत होत्या. घसा खवखवायला लागला. आणि धुरातून ते दिसले, पडद्यावर दिसले होते तसेच, फक्त खोकत होते. पडद्यावर खोकला ऐकू आला नव्हता.

सगळे एका रंगाचे, एका अंगकाठीचे. मी सख्खी बहीण, पण मला ओळखू येईना. वडील एकेकाच्या तोंडाकडे बघत चालले होते, आणि त्यांची मान हळूहळू खाली जात होती. वहिनी भट्ट्यांच्या मधोमध उभी राहिली. त्या काळी आमच्याकडं बाई नवऱ्याचं नाव घेत नसे. पोरांचा बाप, इकडचे, हे, असंच. तिनं पदर कमरेला खोचला आणि त्याचं नाव घेतलं. मोठ्यानं, शेताच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारावी तसं. मी तिच्या तोंडून ते नाव पहिल्यांदा ऐकलं.

टोपलं घेऊन चाललेला एक माणूस थांबला. टोपलं खाली ठेवलं. पण तो पुढे आला नाही. तोंडावरचा दुपट्टा खाली ओढून तिथूनच म्हणाला, "तू कायले आली इथं? तुहा नवरा तुले असं फिरू देते का?"

"कोनता नवरा?"

"दुसरा. मुकादमानं सांगतलं मले, तुहं लगन लागलं म्हून. बानंच लावून देल्लं म्हने." त्यानं वडिलांकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. "मंग म्या कोनाच्या घरी येऊ?"

वहिनी चालत त्याच्याजवळ गेली. "दुसरा कुठून आनू?" ती म्हणाली. "पयलाच सापडून नाही राह्यला होता." मग तिचा आवाज चढला. "आन मले सांगतलं का तू दुसरं घर केलं. कुठी हाय थे घर? दाखव मले. चाल, दाखव!"

भावानं मागे वळून पाहिलं. मागे पत्र्याची एक लांब पडवी होती, तीत ओळीनं अंथरुणं. तो काहीतरी बोलायला गेला आणि त्याचं तोंड वेडंवाकडं झालं. "रडू नको," वहिनी त्याच्यावर खेकसली, स्वतः रडत. "तोंडाले चुना हाय, डोये जातीन." आणि आपल्या पदरानं त्याचे डोळे कोरडे करायला लागली. वडील त्याच्या पाठीवर हात ठेवून नुसते उभे होते. माझा सगळा राग, तो चप्पल काढायचा, कुठं गेला मला कळलं नाही. मी त्याचा डावा हात धरून ठेवला.

तिथं कुलूप नव्हतं, पहारा नव्हता. मला पडवीत बसल्यावर ते हळूहळू कळत गेलं. मुकादमाला माणसं बांधून ठेवायला दोर लागतच नव्हता. घरी परत जावं असं तुझं तिकडं काही राहिलं नाही, एवढं एकेकाला बाजूला घेऊन सांगितलं की पुरत होतं. निरोप नेणारा तोच, आणणारा तोच. कोणाचं शेत भावकीनं बळकावलं होतं, कोणाची बायको दुसऱ्याच्या घरी नांदत होती, कोणाच्या गावानं त्याला टाकलं होतं. आणि हे कोणी कोणाला बोलून दाखवत नव्हतं, कारण बोलण्यासारखी गोष्ट नव्हती ती. शेजारी शेजारी झोपत होते आणि प्रत्येकाला वाटत होतं, हे माझ्या एकट्याच्याच नशिबी आलं.

वहिनी आणि भाऊ बोलत होते ते आता सगळ्यांनी ऐकलं होतं. फावडी थांबली होती. मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा एक म्हातारा होता, सगळ्यात जास्त खोकणारा. तो माझ्यासमोर येऊन उकिडवा बसला.

"बाई, तुमी तिकडल्याच ना?"

"हो, बाबा. धनजच्या."

"मले मुकादमानं सांगतलं, माही बायको मेली. गेल्या साली. माती बी झाली म्हने." त्यानं मानेनं भावाकडे दाखवलं. "थे बी खोटं असन का?"

काय सांगणार मी त्याला? मला त्याच्या बायकोचं नावसुद्धा माहीत नव्हतं. ती खरंच वारली असेल तर? हो म्हणावं तर उद्या त्याच्या दारात माझं तोंड काळं. नाही म्हणावं तर तो इथंच मरणार. वडील माझ्याकडे बघत होते.

मी म्हटलं, "मले माहीत नाही, बाबा. चाला, पाहून येऊ."

तो उठला, पडवीत गेला आणि गाठोडं घेऊन बाहेर आला. त्याच्यामागून दुसरा आला, मग तिसरा, मग मी बघायचं सोडून दिलं. मुकादमाचा माणूस भट्टीवरून धावत खाली आला आणि ओरडायला लागला, "अरे, कुठी चालले? कुठी चालले सगळे?" म्हाताऱ्यानं गाठोडं डोक्यावर घेतलं. "बायकोले पाह्याले," म्हणाला, आणि स्टेशनाच्या वाटेला आमच्याही पुढे चालू लागला.